तलावाचं पाणी खरंच कसंय ते कसं तपासायचं, रंकाळा डोळ्यासमोर ठेवून

कोल्हापूरच्या रंकाळा तलावावर संध्याकाळी फिरायला येणारा प्रत्येकजण पाण्याकडं बघून काहीतरी मत देतोच, कुणी म्हणतं यंदा बरं आहे, कुणी म्हणतं वास मारतोय, आणि आजकाल खिशातून टीडीएसचं पेन काढून काठावर बुडवणारेही दिसतात, आकडा पाचशेच्या आत आला की "अरे हे तर आमच्या बोअरपेक्षा चांगलंय" म्हणून मोकळे. तेवढ्यासाठीच हे सविस्तर लिहितोय. टीडीएस म्हणजे पाण्यात विरघळलेले क्षार, बास. पिण्याच्या पाण्यासाठी भारतीय मानकात ५०० मिलिग्रॅम प्रतिलिटर ही चांगली मर्यादा आणि दुसरा स्रोतच नसेल तर २००० पर्यंत चालवून घ्या असं आहे, पण पाण्यात मैला आहे का, जंतू किती, ऑक्सिजन किती, शेवाळ विषारी आहे का, यातलं काहीही ते पेन सांगत नाही. गटाराचं पाणी मिसळलेल्या तलावाचा टीडीएससुद्धा आरामात ५०० च्या आत येऊ शकतो.

दुसरी गोष्ट, आणि हीच सगळ्यात महत्त्वाची, तलावाच्या पाण्याचा एकच एक आकडा नसतो. पहाटे सहाला वेगळा, दुपारी तीनला वेगळा, नाल्याच्या तोंडाशी वेगळा, मध्यभागी वेगळा, मे मध्ये वेगळा आणि ऑगस्टमध्ये तर एकदम वेगळा. त्यामुळं कुणी "रंकाळ्याचा ऑक्सिजन ७ आहे" असं सांगितलं तर आधी विचारायचं, किती वाजता आणि कुठून घेतला? ते सांगता येत नसेल तर त्या सातला काही अर्थ नाही. खाली सांगितलेली पद्धत रंकाळा धरून लिहिलीय पण कळंब्याला, पाषाणला, पवईला, तुमच्या गावच्या पाझर तलावाला सगळीकडं तीच चालते.

आधी ठरवा, पाणी कशासाठी चांगलं?

पाणी चांगलं की वाईट हा प्रश्न अर्धवट आहे. पिण्यासाठी, पोहण्यासाठी, माशांसाठी, की शेतीसाठी? केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळानं यासाठी ए ते ई असे वर्ग केलेत आणि ते एकदा नीट समजून घेतले की पुढचं सगळं सोपं जातं. ए म्हणजे नुसतं निर्जंतुक करून पिता येईल असं, त्याला ऑक्सिजन ६ मिलिग्रॅम प्रतिलिटर किंवा जास्त, बीओडी (पाण्यातली घाण कुजवायला लागणारा ऑक्सिजन) २ किंवा कमी, आणि १०० मिलिलिटरमध्ये एकूण कोलिफॉर्म (मैल्याचा माग काढायला मोजतात ते जिवाणू) ५० च्या आत लागतात. बी म्हणजे अंघोळीचं, पोहायचं पाणी, ऑक्सिजन ५ च्या वर, बीओडी ३ च्या आत, कोलिफॉर्म ५०० च्या आत. सी म्हणजे नेहमीच्या फिल्टर प्लांटमधून काढून पिता येईल असं, तिथं ऑक्सिजन ४ चालतो आणि कोलिफॉर्म ५००० पर्यंत. डी मासे आणि वन्यजीवांसाठी, ऑक्सिजन ४ च्या वर आणि मुक्त अमोनिया (अमोनियाचं माशांना विषारी असणारं रूप) १.२ मिलिग्रॅमच्या आत. ई शेतीसाठी, त्यात मुख्यतः क्षार बघतात, विद्युतवाहकता २२५० मायक्रोसीमेन्स प्रति सेंटिमीटरच्या आत, म्हणजे टीडीएसच्या पेनाचा खरा उपयोग झालाच तर इथं.

गावातल्या तलावांबाबत भांडण बहुतेक वेळा बी आणि डी चं असतं. लोक पाण्यात उतरतात, पोरं पोहतात, मासेमारी चालते. पिण्याचा विषय असेल तर घरच्या किटवर अवलंबून राहू नका, सरळ लॅबला द्या.

कुठून घ्यायचं

काठावरून हात घालून बाटली भरली की काठाचं पाणी मिळतं, तलावाचं नाही. कोल्हापुरात उन्हाळ्यात संध्याकाळी पश्चिमेचा वारा सुटतो आणि पाण्यावरचा सगळा हिरवा तवंग, प्लास्टिक, निर्माल्य शहराच्या बाजूला, टॉवर आणि राजघाटाकडं येऊन साचतं, तिथनं बाटली भरली तर रिपोर्ट भयंकर येणार आणि त्याच वेळी पलीकडच्या काठाचा बरा येणार. दोन्ही खरे, पण दोन्ही अर्धे.

म्हणून कमीत कमी चार जागा ठरवा आणि त्या कायमच्या ठेवा. एक, जिथं नाला येऊन मिळतो ते तोंड (रंकाळ्याच्या बाबतीत शाम सोसायटीचा नाला वर्षानुवर्षं चर्चेत आहे). दोन, तलावाच्या मध्याजवळचं खोल पाणी, नाव मिळाली तरच. तीन, जिथं माणसं खरंच पाण्यात उतरतात तो घाट. चार, जिथून पाणी बाहेर पडतं ती बाजू. मोबाईलवर त्या जागांचं लोकेशन सेव्ह करून ठेवा म्हणजे पुढच्या महिन्यात दुसरं कुणी गेलं तरी तिथंच जाईल.

नाल्याबद्दल एक गोष्ट कुठल्याही यंत्राशिवाय कळते. एप्रिल-मे मध्ये, महिनाभर पाऊस नसताना नाल्यावर जाऊन उभं राहा. पाणी वाहतंय? मग ते पाणी आलं कुठून? जवळपास झरा नसेल तर ते घरांचं सांडपाणी आहे. सकाळी सात ते नऊ आणि दुपारी तीन अशा दोन वेळा बघा, सकाळी प्रवाह वाढत असेल तर अंघोळी आणि संडासांच्या वेळेशी तो जुळतोय, आता शंकेला जागाच नाही. व्हिडिओ काढून ठेवा, त्यात तारीख दिसू दे.

बाटली भरताना पृष्ठभागाच्या साधारण ३० सेंटिमीटर खाली, म्हणजे कोपर बुडेल इतकं खाली जाऊन भरायची, वरचा तवंग आत येऊ द्यायचा नाही. रसायनांच्या तपासणीची बाटली त्याच पाण्यानं तीनदा विसळून घ्यायची. कपड्याच्या पावडरनं धुतलेली बाटली फॉस्फेटच्या तपासणीला अजिबात नको, पावडरमधलाच फॉस्फेट रिपोर्टमध्ये येऊ शकतो. जंतूंच्या तपासणीला मात्र लॅबनं दिलेली निर्जंतुक बाटलीच, ती विसळायची नाही, झाकणाच्या आतल्या बाजूला बोट लागू द्यायचं नाही, बाटली पालथी बुडवून आत गेल्यावर तोंड पुढं वळवायचं म्हणजे आपल्या हाताकडचं पाणी आत येत नाही, आणि वर थोडी हवा सोडायची. मग बर्फाच्या डब्यात, आणि जमेल तितक्या लवकर लॅबला, जंतूंसाठी सहा-आठ तासांत पोचलं तर उत्तम, २४ तासांच्या पुढं गेलं तर सोडून द्या.

एकट्यानं जाऊ नका, नावेत लाइफ जॅकेट, हातात रबरी हातमोजे, पायाला जखम असेल तर पाण्यात उतरायचं नाही, लेप्टो होतो तो असाच.

नाकानं आणि डोळ्यानं

हे लोक हसण्यावारी नेतात पण माझ्या मते निम्मी माहिती इथंच मिळते. सडक्या अंड्याचा वास म्हणजे तळाशी ऑक्सिजन संपलाय आणि गंधकाचा वायू सुटतोय. पावसाशिवाय ओल्या मातीचा वास येत असेल तर बहुतेक वेळा निळ्या-हिरव्या शेवाळाचा. पांढरा फेस नाल्याच्या तोंडाशी टिकून राहतोय तर साबण-डिटर्जंट. पाण्यावर तेलासारखा रंगीत पापुद्रा दिसला की लगेच गॅरेजवाल्यांना दोष देऊ नका, आधी काडीनं तो ढवळा. तुकडे तुकडे होऊन वेगळे राहिले तर ते लोहाच्या जिवाणूंचं काम, नैसर्गिक आहे. फिरून पुन्हा एकमेकाला चिकटला तर खरंच तेल.

केंदाळ, म्हणजे जलपर्णी, हे पाण्यात नायट्रोजन-फॉस्फरस भरपूर असल्याचं चालतं-बोलतं प्रमाणपत्र आहे. ते जेसीबीनं काढून काठावर तसंच कुजत टाकलं की त्यातला फॉस्फरस पहिल्या पावसात परत तलावात, हे दरवर्षी डोळ्यादेखत होतं आणि त्याचं मला फार वाईट वाटतं कारण काढणाऱ्यांची मेहनत खरी असते.

काळी-पांढरी चकती

१८६५ साली अँजेलो सेक्की नावाच्या इटालियन पाद्री-शास्त्रज्ञानं पांढऱ्या चकत्या समुद्रात सोडून पाण्याची पारदर्शकता मोजली होती, तीच कल्पना आजही जगभर तलावांसाठी वापरतात आणि खर्च जवळपास शून्य. २० सेंटिमीटर व्यासाची सपाट चकती घ्या, अ‍ॅक्रिलिकची किंवा जाड पत्र्याची, तिचे चार भाग करून समोरासमोरचे दोन काळे, दोन पांढरे ऑइलपेंटनं रंगवा, पण चमकणारा नको, मॅट. मधल्या भोकातून दोरी, खाली चार-सहा मोठे नट बांधायचे म्हणजे ती आडवीच खाली जाते. दोरी ताणली जाणारी नको, नायलॉन भिजल्यावर ताणतं, सुती किंवा चांगली पॉलिएस्टरची घ्या आणि दर १० सेंटिमीटरला पक्क्या मार्करनं खूण.

सकाळी दहा ते दुपारी दोनच्या मधे, नावेच्या सावलीच्या बाजूनं, गॉगल काढून. हळूहळू सोडा. आधी पांढरा भाग हिरवट होतो, मग काळ्या-पांढऱ्याची कड विरघळते, मग फक्त एक फिकट ठिपका उरतो आणि तो पण जातो, तिथं दोरी चिमटीत धरा, खोली वाचा. आता थोडी आणखी खाली सोडून परत वर ओढा, पहिल्यांदा दिसली ती खोली वाचा. दोन्हींची सरासरी हे तुमचं उत्तर. चकती तळाला टेकली आणि तरी दिसतेय तर आकडा लिहू नका, "तळापर्यंत दिसली, तळ अमुक इतका" असं लिहा.

हा आकडा घेऊन काय करायचं तर १९७७ मध्ये रॉबर्ट कार्लसन यांनी एक निर्देशांक दिला, ६० मधून १४.४१ गुणिले मीटरमधल्या खोलीचा नॅचरल लॉग वजा करायचा, मोबाईलच्या कॅल्क्युलेटरवर होतं. चकती १ मीटरला गेली तर ६०, २ मीटरला ५०, अर्ध्या मीटरला ७०, पाव मीटरला ८०. चाळीसच्या खाली म्हणजे पाण्यात पोषकं (नायट्रोजन-फॉस्फरस) कमी, तलाव स्वच्छ, चाळीस ते पन्नास मधला, पन्नासच्या वर पोषकं जास्त झालेला आणि सत्तरच्या वर म्हणजे तलावाचं हिरवं सूप झालेलं आहे.

पण थांबा, हे सगळं गढूळपणा शेवाळामुळं आहे असं धरून आहे. जुलै-ऑगस्टमध्ये लाल माती वाहून आलेली असताना चकती २० सेंटिमीटरला दिसेनाशी होते आणि निर्देशांक ८० च्या वर जातो, तेव्हा तलाव पोषकांनी फुगला असं म्हणणं चूक. ग्लासभर पाणी खिडकीत धरून बघा, तपकिरी आहे की हिरवं, आणि तो रंग वहीत लिहा. लॅबकडून क्लोरोफिल (शेवाळातलं हिरवं द्रव्य) पण काढून घेतलंत तर त्याचाही असाच निर्देशांक निघतो, चकतीचा खूप जास्त आणि क्लोरोफिलचा कमी आला तर कारण माती, दोन्ही जुळले तर कारण शेवाळ.

ऑक्सिजन, आणि तो कधी मोजायचा

मासे, किडे, तळाची घाण कुजवणारे चांगले जिवाणू, सगळ्यांचा जीव यावर. थंड पाण्यात जास्त मावतो, गरम पाण्यात कमी, समुद्रसपाटीला २५ अंशाला साधारण ८.३ मिलिग्रॅम आणि ३० अंशाला ७.६ इतकाच हवेतून विरघळू शकतो, आपलं कोल्हापूर साडेपाचशे मीटरच्या आसपास उंचावर असल्यानं त्यातनं अजून सहाएक टक्के वजा करा. म्हणजे एप्रिलमध्ये ३० अंशाच्या पाण्यात ७ च्या आसपास आला की तो पूर्ण भरलेला.

आता दुपारी तीनला हिरव्यागार तलावात मोजलात तर १२ सुद्धा येतो. कसा? शेवाळ उन्हात ऑक्सिजन बनवतंय, पाण्यात मावत नाही इतका. बघणारा खूश. तेच शेवाळ रात्रभर श्वास घेतं, तळाची घाण पण ऑक्सिजन खाते, आणि पहाटे पाच-सहाला तोच आकडा २ च्या खाली गेलेला असू शकतो. मासे पहाटे पृष्ठभागावर येऊन तोंड उघडमीट करतात ते यामुळं. त्यामुळं ऑक्सिजन मोजायचा तर सूर्य उगवायच्या आधी एकदा आणि दुपारी एकदा, आणि दोन्हींमधला फरक लिहायचा. फरक एक-दीडचा असेल तर तलाव शांत आहे, फरक सात-आठचा असेल तर दुपारचा आकडा कितीही देखणा असो, तलाव आजारी आहे. सरकारी नमुने बहुतेक ऑफिसच्या वेळेत घेतले जातात, तेव्हा पहाटेची ही माहिती गोळा करणं हे काठावर राहणाऱ्या माणसाचंच काम.

मोजायचं कसं, तर मीटर महाग असतो, प्रोब सांभाळावा लागतो. माझा भरवसा विंकलरच्या जुन्या पद्धतीवर, १८८८ ची आहे, कॉलेजच्या लॅबमध्ये सगळं साहित्य असतं आणि मत्स्यपालनवाल्यांकडं तिचं किट पण मिळतं. काचेची बुच असलेली बाटली पाण्याखाली धरून बुडबुडा न राहता भरायची, वर उचलून बुच लावल्यावर उलटी करून बघायची, बुडबुडा दिसला तर ओता आणि परत भरा, कारण त्या एका बुडबुड्यात पाण्यापेक्षा कितीतरी जास्त ऑक्सिजन असतो. मग तिथंच, काठावरच, मँगनस सल्फेट आणि नंतर अल्कली आयोडाइड किटमध्ये लिहिलंय तेवढं घालायचं, ड्रॉपरचं टोक पाण्याखाली बुडवून. बाटली उलटसुलट केली की गाळ तयार होतो. तपकिरी झाला म्हणजे ऑक्सिजन आहे, जितका गडद तितका जास्त. पांढराच राहिला म्हणजे जवळजवळ नाहीच. हा पांढरा गाळ एकदा स्वतः पाहिला की लक्षात राहतो, नाल्याच्या तोंडाशी भरलेली बाटली आणि मध्यावरची बाटली शेजारी शेजारी ठेवली तर दहा वर्षांच्या पोराला पण समजावून सांगावं लागत नाही. त्यानंतर अ‍ॅसिड घालून गाळ विरघळवायचा, सोनेरी-पिवळं पाणी होतं, आणि थायोसल्फेट थेंब थेंब टाकून, स्टार्चनं आलेला निळा रंग जाईपर्यंत मोजायचं. अ‍ॅसिडशी काम आहे, चष्मा-हातमोजे हवेत, आणि शाळेची मुलं असतील तर ही पायरी शिक्षकांनीच करायची. उरलेलं मिश्रण तलावात ओतायचं नाही, बाटलीत साठवून लॅबला परत.

बीओडी म्हणजे पाण्यातली घाण कुजवायला जिवाणूंना किती ऑक्सिजन लागेल तो हिशोब, आपल्याकडं २७ अंशाला ३ दिवस ठेवून काढतात. ते लॅबचं काम, घरी नका करू.

पीएच, आणि त्याच्याबरोबर अमोनिया

पीएच म्हणजे पाणी आम्लधर्मी की अल्कधर्मी ते सांगणारा आकडा. त्याचं स्वस्त पेन चालेल पण दर वेळी वापरण्याआधी बफरच्या (पीएच ठरलेला असलेल्या) पुड्या विरघळवून जुळवून घ्या, पेनाबरोबर बहुतेक ६.८६ आणि ९.१८ च्या पुड्या येतात. न जुळवलेलं पेन अर्धा-पाऊण आकडा सहज चुकतं. शेवाळ दुपारी पाण्यातला कार्बन डायऑक्साइड खाऊन टाकतं म्हणून पीएच वर जातो, सकाळी ७.८ आणि दुपारी ९ च्या वर असं दिसलं तर ते परत शेवाळाचंच लक्षण.

आणि इथं एक गोष्ट नीट लक्षात घ्या कारण मासे मरण्याची बरीच कोडी यात सुटतात. पाण्यातला अमोनिया दोन रूपात असतो, त्यातलं मुक्त रूप माशांना विषारी. २५ अंशाला पीएच ७ असताना एकूण अमोनियापैकी अर्धा-पाऊण टक्काच मुक्त असतो, पीएच ८ ला पाच टक्क्यांच्या वर जातो आणि पीएच ९ ला तब्बल ३५ टक्क्यांच्या आसपास. म्हणजे सांडपाणी तेवढंच, अमोनिया तेवढाच, पण शेवाळानं पीएच ७ वरून ९ ला चढवला आणि विष साठपट झालं. मत्स्यालयाच्या दुकानात मिळणारं अमोनियाचं थेंबवालं किट एकूण अमोनिया दाखवतं, त्यामुळं त्याच वेळचा पीएच आणि तापमान सोबत नसेल तर तो आकडा निरुपयोगी.

हिरवा तवंग विषारी आहे का

रंकाळ्यावर मायक्रोसिस्टिस नावाच्या निळ्या-हिरव्या जिवाणूंचा (यांनाच निळं-हिरवं शेवाळ म्हणतात) थर पूर्वी आलेला आहे, आणि असा थर आपल्याकडं कुठल्याही पोषकांनी भरलेल्या तलावात येऊ शकतो. ओळखायला काडी घाला. काडीला केसांसारखे लांब हिरवे धागे लोंबकळत आले तर ते साधं शेवाळ. काडी नुसती हिरवी माखून आली आणि पाणी रंगाचा डबा सांडल्यासारखं दिसतंय, तर सावध. खात्रीसाठी काचेची बरणी पाऊणभर भरून झाकण सैल लावून रात्रभर न हलवता शांत ठेवा. सकाळी सगळं हिरवं वर तरंगून कड्यासारखं जमलं असेल तर निळं-हिरवं असण्याची शक्यता मोठी, तळाला बसलं तर दुसरं शेवाळ. तरंगणाऱ्यांच्या पेशीत हवेच्या बारीक पिशव्या असतात त्यामुळं ती वर येतात.

तसं निघालं तर हातानं हाताळू नका, कुत्र्या-जनावरांना ते पाणी पिऊ देऊ नका. त्यातलं मायक्रोसिस्टिन यकृतावर जातं आणि उकळून नष्ट होत नाही, हे घरोघरी सांगायला हवं कारण आपल्याकडं उकळलं की सगळं चालतं असाच समज आहे. जागतिक आरोग्य संघटनेची पिण्याच्या पाण्यासाठीची मर्यादा लिटरला १ मायक्रोग्रॅम इतकी कमी आहे.

मैल्याचे जंतू

घरच्या पातळीवर एच टू एस (हायड्रोजन सल्फाइड) चाचणीची छोटी बाटली उत्तम, ग्वाल्हेरच्या संरक्षण संशोधन प्रयोगशाळेत १९८२ च्या सुमारास तयार झालेली पद्धत, आता ग्रामपंचायतींच्या फील्ड किटमध्ये असतेच. खुणेपर्यंत पाणी भरायचं, उबदार जागी ठेवायचं, २४ ते ४८ तासांत काळं झालं तर मैल्याचे जंतू असण्याची दाट शक्यता. उघड्या तलावाचं पाणी काळं होणारच, गुरं-पक्षी पण असतात, त्यामुळं ही चाचणी तलावापेक्षा काठच्या विहिरींना आणि नळांना जास्त उपयोगी. तलावासाठी लॅबकडून आकडा घ्या. अंघोळीच्या पाण्यात १०० मिलिलिटरला मलजन्य कोलिफॉर्म ५०० असावेत, फार तर २५००, त्याच्या वर गेलं की पोरांना पाण्यात सोडू नका.

लॅबला काय मागायचं

भूजल सर्वेक्षण यंत्रणेच्या जिल्हा प्रयोगशाळा फी घेऊन नमुने तपासून देतात, विद्यापीठाच्या पर्यावरणशास्त्र विभागात विचारून बघा, नाहीतर एनएबीएल (लॅबना मान्यता देणारी राष्ट्रीय संस्था) ची मान्यता असलेली खासगी लॅब. तिथं "पाणी टेस्ट करा" म्हणालात तर पिण्याच्या पाण्याचं ठरलेलं पॅकेज करून देतात, त्यात कठीणपणा, क्लोराइड, फ्लोराइड सगळं असतं आणि तलावाला जे हवं ते नसतं. तुम्ही लिहून द्या: एकूण फॉस्फरस, अमोनिया नायट्रोजन, नायट्रेट, बीओडी, सीओडी (घाणीचा रसायन वापरून काढलेला ऑक्सिजनचा हिशोब), मलजन्य कोलिफॉर्म, आणि जमलं तर क्लोरोफिल. पैसे कमी असतील तर बाकी सोडा पण फॉस्फरस सोडू नका. कॅनडात १९७३ मध्ये एका तलावाच्या मधोमध पडदा लावून दोन्ही बाजूंना कार्बन आणि नायट्रोजन घातला, फॉस्फरस मात्र एकाच बाजूला, आणि तीच बाजू हिरवी झाली. लिटरला ३०-३५ मायक्रोग्रॅमच्या वर गेला की तलाव हिरवा व्हायच्या वाटेला लागतो, आणि लॅबची पद्धत इतकं कमी मोजू शकते का हे आधी विचारा, नाहीतर रिपोर्टमध्ये "आढळले नाही" येतं आणि लोक त्याचा अर्थ "नाही" असा घेतात.

किडे आणि मासे

काठाचा गाळ स्वयंपाकघरातल्या जुन्या चाळणीनं धुऊन पांढऱ्या ट्रेमध्ये ओता. नुसत्या लालभडक अळ्या आणि केसाएवढे लाल किडे वळवळत असतील तर तळाला ऑक्सिजन नसल्यातच जमा, कारण त्यांच्या रक्तात हिमोग्लोबिन असतं म्हणून ते तगतात. चतुराची पिल्लं, गोगलगायी, पाणकिडे असे बरेच प्रकार सापडले तर परिस्थिती बरी. जाळ्यात फक्त चिलापी आणि मांगूर येतात का रोहू-कटला पण, हे मच्छीमारांना विचारा. त्यांच्याइतकं तलावाला ओळखणारं दुसरं कुणी नसतं.

वही आणि वेळापत्रक

महिन्यातून एकदा, ठरलेल्या जागा, ठरलेल्या वेळा. प्रत्येक नोंदीत तारीख, वेळ, जागा, पाण्याचं तापमान, मागच्या तीन दिवसांत पाऊस झाला का, ढग, वारा कुठून, रंग, वास, चकती, पीएच, ऑक्सिजन, वाहकता, फोटो. लॅबची तपासणी दर महिन्याला परवडत नसेल तर वर्षातून तीनदा: मे अखेर, ऑगस्ट, आणि नोव्हेंबर-डिसेंबर. मे मध्ये पाणी कमी, घाण दाट. जूनचा पहिला मोठा पाऊस वेगळाच, शहरभरची घाण एकदम आत येते, वर ढग असल्यानं शेवाळ ऑक्सिजन बनवत नाही आणि मासे मरतात ते अशाच दिवशी, त्यामुळं त्या आठवड्यात शक्य असेल तर रोज पहाटे ऑक्सिजन मोजा.

विसर्जनाचं वेगळं. कोल्हापुरात आता मूर्ती इराणी खणीत विसर्जित होतात, तिथं किंवा तुमच्याकडं जिथं होतात तिथं विसर्जनाच्या आठवडाभर आधी, दुसऱ्या दिवशी आणि महिन्यानं अशी तीन वेळा वाहकता, सल्फेट, आणि परवडलं तर शिसं-क्रोमियम तपासा. प्लास्टर ऑफ पॅरिस म्हणजे कॅल्शियम सल्फेट, ते हळूहळू विरघळतं म्हणून महिन्यानंतरचा नमुना चुकवू नका. आधीचा नमुनाच नसेल तर नंतरचे आकडे कशाशी ताडून बघणार?

आकडे हातात आल्यावर

तुम्ही भरलेली बाटली कोर्टात पुरावा म्हणून टिकत नाही, जल प्रदूषण कायदा १९७४ च्या कलम २१ प्रमाणं प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या अधिकाऱ्यानं रीतसर घेऊन सील केलेला नमुनाच धरतात. म्हणून तक्रारीत "पाणी खराब आहे, कारवाई करा" एवढंच लिहून भागत नाही. तीन-चार महिन्यांच्या नोंदी जोडा, महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळ स्वतः दर महिन्याला बऱ्याच ठिकाणचे आकडे त्यांच्या साइटवर टाकतं ते पण सोबत लावा, आणि नेमकं सांगा की अमुक नाल्याच्या तोंडाशी, पहाटे साडेपाच ते साडेसहाच्या मधे, पाऊस नसलेल्या दिवशी येऊन नमुना घ्या, आम्ही तिथं हजर राहतो. अर्जाची एक प्रत महापालिकेच्या पर्यावरण विभागाला द्या आणि दोन्हीकडं पोच घ्या, पोचेवर तारीख-शिक्का आहे का ते तिथंच उभं राहून बघा.